जादाची जोडी

"दादा, हे सिंगल मशीन हाय. घरात आलं तवापासून सिंगल हाय. तुझ्या सुनेला सांग, उगं त्याची चिरफाड करू नको म्हणावं."

राधेश्याम सकाळपासून हेच म्हणत होता, आणि भागवत महाराज सकाळपासून हसून मान हलवत होते. मान कुठल्या बाजूने हलतेय हे धाकट्या भावाला कळू नये, याची त्यांनी चांगली काळजी घेतली होती.

मागच्या पत्र्याच्या पडवीत वाकळ अंथरली होती. तिच्यावर आबांचं 'स्वरदीप' अ‍ॅम्प्लिफायर मशीन उताणं पडलं होतं, पोट उघडं, आतली जुनी तांबडी-पिवळी आतडी दिसत होती. शेजारी मांडी घालून शीतल बसली होती, भागवत महाराजांची सून. जालन्याच्या पॉलिटेक्निकात शिकवायची ती. तिच्या फ्लॅटच्या गॅलरीत असली काचेच्या व्हॉल्व्हची म्हातारी मशीनं दुरुस्तीला येत. पुण्याहून येत, हैदराबादेहून येत. मात्र ज्या घरात ती सून म्हणून आली, तिथल्या मशीनला हात लावायची परवानगी तिला आज पहिल्यांदा मिळाली होती. तीही मशीन मुकं झालं म्हणून.

उद्या आबांची, दोघा भावांच्या वडिलांची, पुण्यतिथी. गावाचा रिवाज ठरलेला. काल्याच्या कीर्तनाआधी मांडवात आबांचा आवाज लागायचा. कचरूआबांचं शेवटचं कीर्तन, जुन्या स्पूल टेपवरचं. तो आवाज संपला की गादीवर भागवत महाराज उभे राहायचे. जाफराबादच्या जीपा भरभरून माणसं यायची, कापसाची वेचणी सोडून यायची. मशीन बोललं नाही तर उद्या कीर्तन उभं राहणार कसं?

आणि उद्या आणखी एक गोष्ट ठरायची होती. डॉक्टरांनी महाराजांच्या गळ्यावर बोट ठेवून सांगितलं होतं, आता पुरे. उद्या गादी पुढच्या माणसाकडे द्यायची. घरात नावं दोन होती. एक महाराजांचा मुलगा, शीतलचा नवरा कल्याण. दुसरी राधेश्यामची मुलगी राजनंदिनी, घरातली नंदू. नंदूचा गळा असा, की एकादशीला तिने नुसता टाळ हातात घेतला तरी पारावरची माणसं तंबाखू मळायची थांबत. कल्याण मात्र बियाण्याच्या कंपनीत हिशेबाला होता. सूर त्याच्या वाटेला कधी गेला नव्हता.

"कल्याणला गाता येत न्हाई हे मला दिसून नाही राह्यलं का?" महाराज म्हणाले होते. "पण आपल्या गादीचं मर्म गाण्यात न्हाई, मौनात हाय. आन् मौन बाईमाणसाला झेपत न्हाई."

"मौन तर ह्याला जन्मतःच येतं, अण्णा," नंदू कल्याणकडे बघून म्हणाली होती. सगळे हसले होते. कल्याणही हसला होता, आवाज न करता.

*

शीतलने टॉर्च तोंडात धरली आणि पोटात वाकून बघितलं. मग टॉर्च काढून म्हणाली, "काका, तुम्ही कशावरून सिंगल म्हणता?"

"कशावरून म्हंजे? पेटीवरून! जालन्यात मी हेच मॉडेल धा मांडवांत बघितलं."

राधेश्याम एमआयडीसीतल्या सळयांच्या कारखान्यात इलेक्ट्रिक विभाग सांभाळत होता, यंदा निवृत्त व्हायचा होता. विजेच्या बाबतीत त्याचा शब्द घरात शेवटचा.

"पेटी सारखीच असायची त्यांची," शीतल म्हणाली. "एकाच पेटीत तीन तऱ्हेची मशीनं निघाली. मांडवातलं एका बाजूचं, त्यात दोन मोठे व्हॉल्व्ह. घरात बसून ऐकायचं दोन बाजूंचं स्टिरिओ, त्यात चार लहान. आणि शेवटी शेवटी निघालं त्यात एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह काढून डायोड घातला. समोरची पट्टी, कळा, रंग, सगळं तेच. बाहेरून ओळखू येतच नाही. उलटं करावं लागतं."

"मंग आपल्यात दोनच वाल हायेत ना?"

"व्हॉल्व्ह दोन आहेत. बैठका चार आहेत. दोन रिकाम्या."

राधेश्याम मोकळेपणाने हसला. "अगं त्या जादाच्या! पयल्या पुण्यतिथीला मशीन जोडलं त्या सोमेश्वर लाउडस्पीकरवाल्यानं मला पोरवयात शिकवलं. ही जोडी चालू, ती जोडी जादा. एक गेली तर दुसरी. गाडीला स्टेपनी असती तसं."

"स्टेपनी डिकीत असते, काका. तिच्यासाठी कुणी वेगळा अ‍ॅक्सल बसवत नाही." शीतलने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाखवलं. "हे बघा, आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोन. एक गरम होऊन काळा पडलाय, दुसऱ्याचा कागद अजून पिवळा. आणि ही आवाजाची कळ. बाहेरून एक, आतून दोन मजली. फिरवली की दोन्ही बाजू एकदम वाढाव्यात म्हणून. हे स्टिरिओ आहे. अर्धं मशीन कधी चाललंच नाहीये."

राधेश्याम खाली वाकला. त्याने बघितलं. त्याला इतकं समजत होतंच. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्याखालचा माणूस तिथून निघून गेला.

"आसंल," तो म्हणाला. "आपल्याला कर्णा तर एकच लावायचाय."

"लावा की एकच. पण दुरुस्त करतेय तर पुरं करते. जादाची जोडी आहे कुठं?"

ती देवघराच्या फळीवर होती. चहापत्तीच्या डब्यात, घरच्या कापसात गुंडाळलेली. शीतलने कापूस उलगडला. काचा स्वच्छ, पाय चकचकीत. जणू काल कुणीतरी झोपवून गेलं होतं.

दुपारपर्यंत तिने गळके कपॅसिटर बदलले, कुजलेल्या वायरी काढल्या, शेजारच्या स्पूल वाजवायच्या मशीनचं डोकं स्पिरिटने पुसलं. त्या डोक्यातूनही वायरी दोन निघत होत्या. एक जोडलेली होती, दुसरी चिंधी बांधून मागे खोचलेली. कल्याणने घरातल्या टेपचे दोन स्पीकर आणून दिले, एक डावीकडे ठेवला, एक उजवीकडे, आणि विचारलं नव्हतं तरी म्हणाला, "लाव."

कल्याण आपण होऊन बोलला की शीतल त्याच्याकडे एकदा बघून घ्यायची. आताही तिने बघून घेतलं.

*

आबांचं शेवटचं पद म्हणजे या घराचं कुळदैवत. जाफराबादच्या सप्ताहात आबांनी ते पहिल्यांदा म्हटलं, आणि पुढच्या सप्ताहाआधी आबा गेले. त्यामुळे पहिलं तेच शेवटचं. भागवत त्या वेळी कीर्तन शिकायला आळंदीला होता, राधेश्याम रांगत होता. गावातल्या एका सरकी-कापसाच्या व्यापाऱ्याला गाण्याचं वेड, त्याने हौसेने स्पूलवर ते भरून घेतलं. आबा गेल्यावर स्पूल आणि दोन्ही मशीनं घरी आणून दिली, डोळे पुसत.

पद असं होतं. आबा आळवून आळवून विचारतात,

सांग रुखमाई, तुझा देव कुठं गेला?

आणि थांबतात.

टाळ चालू राहतात, मृदंग हळू चालू राहतो, आणि आबा गप्प. बराच वेळ. कान देऊन ऐकलं तर त्या शांततेत लांबून काहीतरी गुणगुणल्यासारखं येतं. मग आबा पुन्हा विचारतात, पुन्हा गप्प होतात.

त्या थांबण्यावर भागवत महाराजांनी आयुष्य उभं केलं होतं. "मायबापहो," ते म्हणायचे, "प्रश्न माणसाचा असतो. उत्तर देवाचं असतं. आन् देवाचं उत्तर म्हंजे मौन!" मग तेही आबांसारखेच थांबायचे. हजारो माणसं डोळे मिटून बसायची. म्हातारी माणसं सांगायची, मौनात माउली गुणगुणते, आम्ही ऐकली. पंचक्रोशीत या कीर्तनाला नावच पडलं, मौनाचं कीर्तन. राधेश्यामने वर्गणी गोळा करून सिमेंटचा सभामंडप बांधला, त्याच्या कमानीवर रंगवून घेतलं : मौनमंडप.

एवढं सगळं त्या न बोललेल्या जागेवर उभं होतं.

*

शीतलने बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू तापले. डावीकडची जोडी तांबूस झाली. मग उजवीकडची, जादाची, तीही झाली. राजनंदिनी गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बघत होती. भागवत महाराज खुर्चीवर, राधेश्याम खांबाला टेकून. उषाबाई, महाराजांची बायको, पीठ मळलेले हात पुढे धरूनच दारात येऊन उभी राहिली.

फीत फिरली. आबांचा आवाज आला. डाव्या बाजूने आला.

"आला रे!" राधेश्यामने श्वास सोडला. "बराबर आला."

सांग रुखमाई, तुझा देव कुठं गेला?

आबा थांबले. सवयीने सगळ्यांचे डोळे मिटले. महाराजांचे हात आपोआप जुळले.

आणि उजव्या बाजूने एक बाई गाऊ लागली.

चुलीपाशी बसला, इस्तू फुंकू लागला...

"नंदे, गप!" महाराज डोळे न उघडताच कडाडले.

आवाज चालूच राहिला, उघडा, खणखणीत, जरा खडबडीत. महाराजांनी डोळे उघडले. समोर नंदूचं तोंड घट्ट मिटलेलं होतं आणि तिचे डोळे एवढे मोठे झाले होते, की महाराजांना त्या डोळ्यांचीच भीती वाटली.

धुरानं डोळं लाल, तरी उठंना झाला...

डावीकडून आबांनी पुन्हा विचारलं. उजवीकडून बाईने पुन्हा सांगितलं. आबा हसले. हो, हसले! ते हसू डाव्या बाजूला कायमच होतं. घरात सगळे त्याला आबांचा हुंदका म्हणायचे.

"बंद कर," राधेश्याम म्हणाला. "शीतल, बंद कर ते."

शीतलचा हात कळेपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. तिने शेकडो मशीनं उघडली होती. एका बाजूला गाणं आणि दुसऱ्या बाजूला वाद्य, असल्या फिती तिने खूप ऐकल्या होत्या. पण या घरात ती लग्न होऊन आल्यापासून दर वर्षी त्या रिकाम्या जागेला हात जोडत आली होती. आता तिला आपल्या हातांचं काय करावं ते कळेना.

"दोन माइक होते," ती कशीबशी म्हणाली. "एक आबांच्या पुढं, एक बायांच्या पडद्याआड. दोन्ही फितीवर वेगळे भरले गेले. मांडवातल्या कर्ण्यावर आबांचाच असणार. तिचा आवाज आबांच्या माइकात जरासाच गेला. ते गुणगुणणं..."

"माउली," महाराज म्हणाले.

"पण ही बाई कोण?" नंदूने विचारलं.

उषाबाई दारातून म्हणाली, "कोण म्हंजे? ही चाल मी रोज ऐकते. चुलीपाशी."

*

साळूबाई मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीसमोर बसली होती. आबांची धाकटी बहीण. नवऱ्याघरून लवकर परत आली ती इथलीच झाली. आता ऐंशीच्या पुढे, कानाने पार गेलेली. गॅस आला, मिक्सर आला, पण पुण्यतिथीच्या प्रसादाची आमटी तिच्याच चुलीवर. फुंकणी हातात, आणि ओठांवर ते कायमचं गुणगुणणं. कानच नाहीत म्हणून सूर कुठेही भटकायचा. घरातली लहानथोर सगळी त्याला आत्याची मधमाशी म्हणायची.

उषाबाईने पिठाच्या हातांनीच तिला उठवलं, पडवीत आणलं. शीतलने फीत मागे घेतली, पुन्हा लावली. महाराजांनी स्वतः उठून आत्याचा हात धरला आणि उजव्या स्पीकरच्या लाकडावर ठेवला.

लाकूड थरथरलं. आत्याने आधी हाताकडे बघितलं, मग सगळ्यांच्या तोंडांकडे. मग अगदी सहज, भाजीत मीठ पडलं का विचारावं तसं तिने विचारलं,

"लागली का ती बाजू?"

शीतलने फीत थांबवली.

"आत्या!" महाराज तिच्या कानाशी ओरडले. "तुला ठाऊक व्हतं?"

"आता गं बया. म्या म्हणलेलं मला ठाऊक नसंल का? कचरूदादानं सवाल रचला, जबाब म्या. म्हणला, साळू, तू म्हण, मी थांबतो."

"मंग एवढी वर्सं बोलली का न्हाईस?"

आत्या जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. ऐकू आलं नाही म्हणून नव्हे. आपल्याच पोराने असलं काय विचारावं, असं तिला वाटत असावं.

"पहिल्या सालाला म्या आमटीपाशी व्हते. कान व्हते तवा. कर्ण्यातून दादा आला, म्या आली न्हाई. म्हणलं, घरच्यांनी बंद केली आसंल. गादीचं घर. बाईचा आवाज कशाला चवाठ्यावर." तिने हात लाकडावरून काढला नाही. "म्हणलं, आसू द्या. दादा गेला, आता सवाल पुसणारं तरी कोण ऱ्हायलं?"

*

राधेश्याम आधी बोलला. बोलावंच लागलं त्याला. डब्यात ती जोडी जपून ठेवणारा तोच. दर दिवाळीला कापूस बदलणारा तोच.

"दादा, ऐक. ही वायर काढून टाकू. जादाची जोडी परत डब्यात. उद्या मशीन पयल्यासारखं वाजंल, कीर्तन पयल्यासारखं व्हईल. घरातली गोष्ट घरात."

"पप्पा!" नंदू उठली. "कालपर्यंत तुम्हीच म्हणत होता ना, नंदूला गादी द्या म्हणून?"

"कालची गोष्ट वायली व्हती. काल मौन व्हतं!" त्याचा आवाज फाटला. "अगं, कमानीवर काय लिहिलंय ते बघ. दोन जिल्ह्यांतून लोक येतेत. उद्या तेच म्हणतील, हे येडे एवढी वर्सं बिघडलेल्या मशीनच्या पाया पडत व्हते! महाराजाला काय तोंड ऱ्हाईल?"

"तोंड महाराजांचं की तुमचं?" नंदू म्हणाली आणि लगेच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बापाला एवढं तिने कधी बोललं नव्हतं.

उषाबाई आतापर्यंत कल्याणची आई होती. गादी आपल्या पोराला मिळावी म्हणून तिने उपास धरले होते, नंदूच्या गळ्याचं कौतुक निघालं की तिला काहीतरी काम आठवायचं. ती आता नंदूच्या बाजूला जाऊन उभी राहिली. कुणाला वाटलं, पाणी द्यायला गेली.

"भाऊजी," ती म्हणाली, "डब्यात ठेवायचं म्हणता? कुणाला?"

"वाल वो, वहिनी. वाल."

"न्हाई, मला वाटलं दुसरं कुणाला म्हणता." तिने पिठाचे हात पदराला पुसले. "ह्या घरात आल्ते तवापासून आत्याबाईंच्या शेजारी बसून भाकरी थापते. पुण्यतिथीला बाहेर मौन चालायचं, मी आतून हात जोडायची. आत्याबाई जोडायच्या न्हाईत. मला राग यायचा. म्हणायची, एवढ्या देवाधर्माच्या घरातली बाई, आन् ह्यांना मौनाची काही किंमतच न्हाई. आमटी ढवळत बसायच्या. आन् मीच त्यांना देवभोळी न्हाई म्हणायची."

"उषा," महाराज म्हणाले.

"मला काही म्हणायचं न्हाई तुम्हाला. गादी तुमची हाय. पण माझ्या पोराला त्या रिकाम्या जागेवर उभं करू नका."

सगळ्यांनी कल्याणकडे बघितलं. तो स्पीकरच्या मागे बसला होता, वायर धरून, जणू सोडली तर पडेल.

"अण्णा," तो म्हणाला, "तिथं काहीच म्हणायचं नसतं म्हणून मी हो म्हणालो होतो."

यावर हसायला हवं होतं. शीतलला हसू आलंही, पण बाहेर पडलं ते दुसरंच काहीतरी. तिने डोळे पुसले आणि सोल्डरिंगची तार गुंडाळू लागली.

भागवत महाराजांच्या डोक्यात एकामागून एक मांडव उभे राहत होते. जाफराबाद, अंबड, अंतरवाली, कुठल्या कुठल्या पारावर आपण म्हणालो : ह्या प्रश्नाला उत्तर नसतं मायबाप! आणि लोकांनी माना डोलावल्या. उत्तर होतं. उत्तर चुलीपाशी बसलं होतं, धुराने डोळे लाल करून. आपण बाहेर देवाची वाट बघत डोळे मिटून उभे, आणि आत तो विस्तव फुंकतोय. आबा, तुम्ही हसत होतात हो. आम्ही त्याला हुंदका म्हटलं.

ते उठले. कुणाला वाटलं देवघरात चालले. ते मागच्या अंगणात गेले, आणि आत्या परत येऊन बसली होती तिथे, चुलीसमोर मातीतच बसले. धोतर मळलं. आत्याने त्यांच्या हातात फुंकणी दिली, कारण चुलीपाशी आलेल्या माणसाला ती कायम काहीतरी काम द्यायची.

पडवीतून बाकीच्यांना एवढंच दिसलं, की महाराज फुंकताहेत आणि आत्याचे ओठ हलताहेत.

"आता वायरीचं काय करायचं?" राधेश्यामने हळूच विचारलं.

शीतलने मशीन सुलटं केलं आणि झाकणाचे स्क्रू एक एक करून घट्ट आवळले. चारही व्हॉल्व्ह आत होते. राधेश्याम बघत होता. त्याने तिला अडवलं नाही. मग थोड्या वेळाने उठला आणि घरातून दुसरा कर्णा शोधून आणला.

*

सकाळी मौनमंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या टोप्या, वेचणीला खाडा केलेल्या बाया, कडेला उभ्या मोटारसायकली. साळूआत्याला उषाबाईने अगदी पुढे बसवलं होतं. पुण्यतिथीला आत्या मांडवात बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ती सारखी मागे वळून बघत होती, आमटीकडे कोण आहे म्हणून.

महाराजांनी एक गोष्ट बदलली. आबांचा आवाज आधी नको म्हणाले, कीर्तन झाल्यावर लावा. राधेश्यामने मान डोलावली. नंदूला रात्रीपासून कुणी काही सांगितलं नव्हतं. ती बायांच्या रांगेत, टाळ हातात धरून बसली होती आणि टाळाची दोरी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

नामाचा गजर झाला. निरूपण झालं, लहानसंच. गळा खरंच गेला होता. मग महाराजांनी पद धरलं.

सांग रुखमाई, तुझा देव कुठं गेला?

थांबले. मंडपातल्या सगळ्या माना खाली गेल्या, सगळे डोळे मिटले. टाळ हळू झाले.

महाराज मात्र डोळे उघडे ठेवून उभे होते. त्यांनी पुन्हा विचारलं, पण या वेळी लोकांना नाही. बायांच्या रांगेकडे वळून, एकीलाच विचारलं.

सांग रुखमाई, तुझा देव कुठं गेला?

आणि गादीवरून बाजूला झाले. पांढऱ्या चादरीवर त्यांच्या पावलांचे दोन खळगे रिकामे राहिले.

नंदू उठली. कशी चालत आली ते तिला नंतर कधी आठवलं नाही. त्या खळग्यांत तिने पाय ठेवले, आणि तिचे पाय लहान पडले.

चुलीपाशी बसला, इस्तू फुंकू लागला...

मंडप थरारला. पुढच्याच ओळीतला एक म्हातारा मिटल्या डोळ्यांनी आडवा पडला. "माउली बोलली! माउली बोलली रे!" मागून हुंदके उठले, कुणीतरी पुंडलिक वरदेची आरोळी दिली.

"डोळे उघडा!" महाराजांचा फाटका आवाज माइकमधून आला. "मायबापहो, डोळे उघडा. माउली न्हाई. ही आमच्या घरातली लेक हाय. आन् शब्द हिचे बी न्हाईत, आबांचे बी न्हाईत. ते हितं बसलीय तिचे." त्यांनी बोट केलं. "एवढी वर्सं आम्ही तिला ऐकलं न्हाई. ऐकलं न्हाई त्यालाच मौन म्हणत आलो."

टाळ थांबले. मृदंगावरचा हात थांबला. हजार माणसांचे उघडे डोळे एका म्हातारीकडे वळले. खरं मौन काय असतं, ते या मंडपाला त्या दिवशी कळलं.

आत्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. लोक आपल्याकडे का बघताहेत ते तिला समजेना. तिने पदर सावरला आणि उषाबाईला, बहिरी माणसं विचारतात तसं मोठ्याने विचारलं,

"भागवत थांबला का?"

उषाबाईने मान हलवली.

"मंग आता कोण म्हणतंय?"

उषाबाईने गादीकडे बोट केलं. आत्याने डोळ्यांवर हात धरून नंदूकडे बघितलं. नंदूचे ओठ पुन्हा हलू लागले होते, टाळ पुन्हा धरले जात होते. आत्या त्या ओठांकडे टक लावून बघत राहिली, स्वतःचे ओठ त्यांच्याबरोबर हलवून बघितले, आणि नापसंतीने मान हलवली.

"सावकाश म्हण म्हणावं तिला," ती म्हणाली. "इस्तू फुंकायला येळ लागतो."